फेसबुक प्रोफाइलची पुनर्रचना आणि वापरकर्त्यांचा विरोध

फेसबुक या सामाजिक संकेतस्थळाने इ.स. २००६ पासून आपल्या सदस्यांच्या प्रोफाइल पृष्ठाची मांडणी वेळोवेळी बदलली. सदस्याचे नाव, छायाचित्र, परिचय, मित्रांची यादी आणि त्याने स्वतः अथवा इतरांनी लिहिलेला मजकूर एकत्र दाखवणाऱ्या पानास प्रोफाइल असे म्हणतात. या बदलांपैकी सप्टेंबर २००६ मधील न्यूज फीड व मिनी-फीड, २००८ मधील नवी भिंत, डिसेंबर २०१० मधील नवे प्रोफाइल आणि २०११-१२ मधील टाइमलाइन हे चार बदल विशेष गाजले. प्रत्येक वेळी मोठ्या संख्येने सदस्यांनी नापसंती नोंदवली आणि प्रत्येक वेळी काही दुरुस्त्यांसह नवी मांडणीच कायम राहिली.

हा विरोध वरवर पाहता पानाच्या रूपाविषयी होता. मूळ प्रश्न मात्र वेगळा होता. एका वाचकवर्गासाठी लिहिलेला मजकूर, लिहिणाऱ्याला न विचारता, दुसऱ्या वाचकवर्गापुढे मांडण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय. २००६ मधील बदलाची घोषणा पुण्यात जन्मलेल्या अभियंत्या रुची संघवी यांनी केली होती. पुढे याच प्रश्नाला अनुसरून २०१७ आणि २०२० मध्ये भारतातील सदस्यांसाठी प्रोफाइलच्या संरक्षणाच्या विशेष सोयी उपलब्ध करून देण्यात आल्या.

पार्श्वभूमी

फेसबुकची सुरुवात ४ फेब्रुवारी २००४ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात झाली. प्रारंभी ते केवळ विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी होते. २००५ मध्ये त्यात अमेरिकेतील माध्यमिक शाळांचे विद्यार्थी आले आणि २६ सप्टेंबर २००६ पासून ते वयाच्या अटीवर सर्वांना खुले झाले.

सुरुवातीच्या फेसबुकमध्ये प्रोफाइल हेच मुख्य पान होते. सप्टेंबर २००४ मध्ये त्यावर 'भिंत' आली. मित्राच्या भिंतीवर चार ओळी लिहायच्या आणि त्याने उत्तर आपल्या भिंतीवर येऊन लिहायचे, अशी ही पद्धत होती. भिंतीवरचा मजकूर गुप्त नसे, पण तो वाचण्यासाठी त्या व्यक्तीच्या पानावर मुद्दाम जावे लागे. कोणी नवे छायाचित्र लावले किंवा परिचयातील एखादी ओळ खोडली, तरी त्याची वर्दी कोणाला मिळत नसे. गावातील पारावर बोललेले शब्द पारावर बसलेल्यांनाच ऐकू यावेत, तसा हा प्रकार होता. मजकूर उघडा असला, तरी त्याचा पोच मर्यादित होता आणि ही मर्यादा कोणत्याही लिखित नियमात नसून पानाच्या रचनेत होती.

इ.स. २००६ : न्यूज फीड आणि मिनी-फीड

५ सप्टेंबर २००६ रोजी फेसबुकने एकाच वेळी दोन बदल केले. मुख्य पानावर न्यूज फीड आले. त्यात मित्रांच्या हालचालींच्या बातम्या आपोआप एकाखाली एक दिसू लागल्या. प्रत्येकाच्या प्रोफाइलवर मिनी-फीड आले. त्यात त्या सदस्याने अलीकडे काय केले याची यादी क्रमवार दिसू लागली. कोणी कोणाशी मैत्री केली, कोणत्या गटात प्रवेश केला, परिचयातील 'नातेसंबंध' या रकान्यात काय बदल केला, ही सर्व माहिती आता शोधण्याची गरज उरली नाही. ती वाचकाकडे स्वतःहून चालत येऊ लागली.

कंपनीच्या मते यात आक्षेपार्ह काही नव्हते. ज्याला जी माहिती आधी पाहता येत होती, तीच त्याला नव्या मांडणीत दिसत होती आणि एकही खासगी गोष्ट नव्याने उघड झालेली नव्हती. तांत्रिकदृष्ट्या हे म्हणणे खरे होते. तरीही सदस्यांमध्ये तीव्र प्रतिक्रिया उमटली. न्यूज फीडच्या विरोधात विद्यार्थ्यांनी फेसबुकवरच गट स्थापन केले. त्यांतील सर्वांत मोठ्या गटाची सदस्यसंख्या काही दिवसांत सात लाखांच्या पुढे गेली. त्या वेळी फेसबुकची एकूण सदस्यसंख्या एक कोटीच्या आतच होती, हे लक्षात घेता विरोधाचे प्रमाण ध्यानात येते.

कंपनीचे संस्थापक मार्क झकरबर्ग यांनी पहिल्या निवेदनात सदस्यांना शांत राहण्याचे आवाहन केले. ते पुरेसे ठरले नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी त्यांनी दुसरे निवेदन काढून चूक झाल्याचे मान्य केले. आपल्या कोणत्या कृतींची बातमी व्हावी आणि कोणत्या कृतींची होऊ नये हे सदस्याला ठरवता येईल, अशी नियंत्रणे त्याच वेळी देण्यात आली. न्यूज फीड मात्र मागे घेतले गेले नाही.

या प्रसंगातील विसंगतीकडे पुढे अनेक अभ्यासकांनी लक्ष वेधले. विरोधी गट इतक्या वेगाने वाढले ते न्यूज फीडमुळेच. अमुक मित्राने अमुक गटात प्रवेश केला, ही बातमी न्यूज फीडनेच घरोघरी पोहोचवली. सदस्य ज्या यंत्रणेविरुद्ध एकत्र येत होते, तीच यंत्रणा त्यांना एकत्र आणत होती. संकेतस्थळाचा वापरही या काळात घटला नाही, उलट वाढला. लोक बोलतात एक आणि करतात दुसरे, असा निष्कर्ष कंपनीने यावरून काढला. पुढील प्रत्येक पुनर्रचनेच्या वेळी हा निष्कर्ष तिच्या धोरणाचा आधार राहिला.

रुची संघवी यांची भूमिका

रुची संघवी यांचा जन्म पुणे येथे झाला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि २००५ मध्ये त्या फेसबुकमध्ये रुजू झाल्या. कंपनीतील त्या पहिल्या महिला अभियंत्या होत. न्यूज फीडच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता आणि ५ सप्टेंबर २००६ रोजी या बदलाची माहिती देणारे अधिकृत निवेदन त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले.

निवेदनाखाली नाव असल्यामुळे रोषाचा मोठा भाग त्यांच्या वाट्याला आला. त्यांच्याविरुद्ध व्यक्तिशः गट काढण्यात आले. संघवी यांनी पुढे या दिवसांविषयी जाहीरपणे सांगितले आहे. संस्थेने सामूहिकरीत्या घेतलेल्या निर्णयाचा राग एका व्यक्तीवर निघण्याचे हे सुरुवातीचे ठळक उदाहरण मानता येते. २०१० मध्ये त्यांनी फेसबुक सोडले. नंतर त्यांनी सहसंस्थापक म्हणून उभी केलेली 'कोव्ह' ही कंपनी २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्सने विकत घेतली.

इ.स. २००८ : भिंत आणि फीड यांचे एकत्रीकरण

जुलै २००८ मध्ये फेसबुकने प्रोफाइलची नवी रचना आणली. आतापर्यंत एकाच लांबलचक पानावर असलेला मजकूर भिंत, माहिती, छायाचित्रे अशा वेगवेगळ्या कप्प्यांत विभागण्यात आला. भिंत आणि मिनी-फीड यांचे एकत्रीकरण झाले. मित्रांनी लिहिलेला मजकूर आणि यंत्रणेने आपोआप तयार केलेल्या नोंदी यांमधील सीमारेषा त्यामुळे पुसट झाली.

सुरुवातीला जुने आणि नवे असे दोन्ही पर्याय उपलब्ध होते. सप्टेंबर २००८ मध्ये जुना पर्याय बंद करण्यात आला आणि विरोधाने जोर धरला. जुनी मांडणी परत मिळावी अशी मागणी करणाऱ्या गटांची सदस्यसंख्या दहा लाखांच्या वर गेली. फेसबुकने ऑगस्ट २००८ मध्येच दहा कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडला होता. त्यामुळे विरोधकांची संख्या २००६ पेक्षा अधिक असली, तरी एकूण सदस्यांतील त्यांचे प्रमाण पूर्वीइतके राहिले नव्हते. या वेळी मांडणीत माघार घेण्यात आली नाही.

नियमांवरील मतदान (२००९-२०१२)

फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने वापराच्या अटी बदलल्या. सदस्याने खाते बंद केल्यानंतरही त्याच्या मजकुरावरील कंपनीचे हक्क कायम राहतात, असा या बदलाचा अर्थ लावला गेला. वाद वाढताच काही दिवसांत जुन्या अटी पुन्हा लागू करण्यात आल्या. त्यानंतर नियमांतील मोठे बदल सदस्यांच्या मतदानाने ठरवण्याची पद्धत कंपनीने जाहीर केली. मतदान बंधनकारक ठरण्यासाठी किमान ३० टक्के सक्रिय सदस्यांनी त्यात भाग घेणे आवश्यक होते.

एप्रिल २००९ मधील पहिल्या मतदानात सुमारे साडेसहा लाख सदस्यांनी भाग घेतला. त्या वेळी सक्रिय सदस्य २० कोटींच्या घरात होते. म्हणजे बंधनकारक निर्णयासाठी सुमारे सहा कोटी मते लागली असती. शेवटचे मतदान डिसेंबर २०१२ मध्ये झाले. मतदानाची पद्धतच रद्द करावी काय, हा त्यातील एक विषय होता. सुमारे ६ लाख ६८ हजार सदस्यांनी मते दिली आणि त्यांपैकी जवळजवळ ८८ टक्क्यांनी प्रस्तावित बदलांना विरोध केला. परंतु सदस्यसंख्या तोवर १०० कोटींवर पोहोचली होती आणि ३० टक्क्यांची अट पुरी होण्यासाठी ३० कोटी मतांची गरज होती. अट पुरी न झाल्याने मतदान केवळ सल्लावजा ठरले आणि ही पद्धत संपुष्टात आली.

प्रोफाइलच्या मांडणीवर मात्र या काळातही कधी मतदान घेण्यात आले नाही. मतदानाची कक्षा नियमांपुरतीच होती. पानाची रचना हा कंपनीचा अंतर्गत निर्णय मानला जात होता.

इ.स. २०१० : नवे प्रोफाइल

५ डिसेंबर २०१० रोजी प्रोफाइलचे आणखी एक रूप जाहीर झाले. नावाखाली शिक्षण, नोकरी, राहण्याचे ठिकाण यांची एक ओळ आणि तिच्याखाली सदस्य ज्यांत आढळतो अशा पाच अलीकडच्या छायाचित्रांची पट्टी, हे त्याचे वैशिष्ट्य होते. प्रारंभी ऐच्छिक असलेली ही मांडणी लवकरच सर्वांना लागू झाली.

पट्टीतील छायाचित्रे सदस्य स्वतः निवडत नसे. दुसऱ्याने काढलेले आणि दुसऱ्यानेच नाव जोडलेले छायाचित्रही आपल्या पानाच्या माथ्यावर झळके. नको असलेले छायाचित्र पट्टीतून काढता येई, पण ते आधी तेथे आलेले असे. काहींनी या पट्टीचा खेळकर उपयोग केला आणि एकच मोठे चित्र पाच तुकड्यांत कापून तेथे बसवले. इतरांना मात्र आपल्या पानाचा दर्शनी भाग दुसऱ्याच्या हाती गेल्यासारखे वाटले.

इ.स. २०११-१२ : टाइमलाइन

२२ सप्टेंबर २०११ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील वार्षिक परिषदेत टाइमलाइनची घोषणा झाली. १५ डिसेंबर २०११ पासून ती जगभर उपलब्ध झाली आणि जानेवारी २०१२ मध्ये ती सर्वांना लागू होईल असे जाहीर करण्यात आले. नवी मांडणी मिळाल्यापासून ती इतरांना दिसेपर्यंत सात दिवसांची मुदत होती. जुन्या मांडणीकडे परत जाण्याची सोय नव्हती.

पानाच्या माथ्यावर आडवे मोठे छायाचित्र, मध्यभागी उभी रेषा, तिच्या दोन्ही बाजूंना नोंदी आणि उजवीकडे वर्षांची यादी असे टाइमलाइनचे स्वरूप होते. पानाच्या तळाशी जन्माची नोंद असे. या रचनेमागे निकोलस फेल्टन या आरेखनकाराचे काम होते. स्वतःच्या एका वर्षाच्या आयुष्याचा आकडेवारीसह अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करण्यासाठी ते ओळखले जात. त्यांची कंपनी फेसबुकने एप्रिल २०११ मध्ये आपल्यात सामावून घेतली होती.

टाइमलाइनमुळे झालेला खरा बदल वर्षांच्या यादीत होता. तोवर जुना मजकूर नव्या मजकुराखाली गाडला जाई. चार वर्षांपूर्वीची नोंद शोधायची, तर शेकडो नोंदी मागे जावे लागे आणि तितके कष्ट सहसा कोणी घेत नसे. आता '२००८' या आकड्यावर एकदा टिचकी मारताच ती नोंद समोर येऊ लागली. विसरणे हा पूर्वीच्या रचनेचा अप्रत्यक्ष गुण होता, तो नव्या रचनेत उरला नाही.

कंपनीने याबरोबर काही साधने दिली. आपल्या सर्व कृतींची केवळ स्वतःला दिसणारी नोंदवही, जुन्या सर्व नोंदी एकाच वेळी फक्त मित्रांपुरत्या मर्यादित करण्याचा पर्याय आणि आपले पान दुसऱ्याला कसे दिसते हे पाहण्याची सोय, ही त्यांतील प्रमुख होत. परंतु सात-आठ वर्षांचे लेखन तपासण्यासाठी सात दिवस अपुरे असल्याची तक्रार कायम राहिली. मार्च २०१३ मध्ये दोन्ही बाजूंच्या नोंदी वाचताना होणारा गोंधळ लक्षात घेऊन सर्व नोंदी एकाच स्तंभात आणण्यात आल्या.

फ्रान्समधील प्रकरण

२४ सप्टेंबर २०१२ रोजी फ्रान्समध्ये मोठी खळबळ उडाली. २००७ ते २००९ या काळातील खासगी संदेश टाइमलाइनवर सर्वांना दिसत आहेत, अशी तक्रार असंख्य सदस्यांनी केली. फेसबुकने याचा इन्कार केला. फ्रान्समधील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने चौकशी केली आणि ते खासगी संदेश नसून भिंतीवर लिहिलेला जुना मजकूर असल्याचा निर्वाळा दिला.

प्राधिकरणाच्या निष्कर्षाने कंपनी निर्दोष ठरली, तरी प्रकरणाचे महत्त्व कमी झाले नाही. त्या काळात लोक एकमेकांच्या भिंतींवर पत्रव्यवहार केल्यासारखे लिहीत. पाच वर्षांनी तोच मजकूर पुढे आला, तेव्हा आपण असे उघड्यावर लिहिले असेल यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. शब्द तेच होते, पान तेच होते, पण ज्या समजुतीने ते लिहिले गेले ती समजूत पुनर्रचनेत नाहीशी झाली होती.

अमेरिकेतील कायदेशीर कारवाई

डिसेंबर २००९ मध्ये फेसबुकने गोपनीयतेच्या पर्यायांची फेररचना करून नाव, प्रोफाइलचे छायाचित्र, लिंग, शहर आणि मित्रांची यादी ही माहिती सार्वजनिक ठरवली. ज्यांनी आपली मित्रांची यादी आधी खासगी ठेवली होती, त्यांचीही यादी उघड झाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या व अन्य बाबींवरून कंपनीवर ठपका ठेवला. नोव्हेंबर २०११ मध्ये जाहीर झालेल्या आणि ऑगस्ट २०१२ मध्ये अंतिम झालेल्या तडजोडीनुसार, सदस्याने ठरवलेली मर्यादा ओलांडण्यापूर्वी त्याची स्पष्ट संमती घेणे कंपनीवर बंधनकारक झाले. तसेच वीस वर्षे स्वतंत्र लेखापरीक्षणाची अट घालण्यात आली. या आदेशाचा भंग केल्याबद्दल जुलै २०१९ मध्ये ५०० कोटी डॉलरचा दंड जाहीर झाला.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात प्रारंभी गूगलचे ऑर्कुट हे संकेतस्थळ अधिक लोकप्रिय होते. २४ जानेवारी २००४ रोजी सुरू झालेल्या ऑर्कुटवर 'स्क्रॅपबुक' ही भिंतीसारखीच सोय होती आणि सुरुवातीच्या काळात ते कोणालाही वाचता येई. आपले पान अलीकडे कोणी पाहिले, हेही ऑर्कुट सांगत असे. ऑक्टोबर २००९ मध्ये ऑर्कुटने नवी मांडणी आणली, तेव्हा ती एकदम सर्वांवर न लादता निमंत्रणाने टप्प्याटप्प्याने खुली केली. कॉमस्कोर या संस्थेच्या मोजणीनुसार जुलै २०१० मध्ये भारतात फेसबुकला २ कोटी ९ लाख, तर ऑर्कुटला १ कोटी ९९ लाख लोकांनी भेट दिली आणि फेसबुक प्रथमच पुढे गेले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. आपला मजकूर उतरवून घेण्यासाठी सदस्यांना सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत देण्यात आली होती.

यामुळे बहुसंख्य मराठी सदस्यांचा फेसबुकशी परिचय २०१० नंतर झाला. त्यांनी २००६ ची जुनी भिंत पाहिलीच नव्हती. टाइमलाइन ही त्यांनी अनुभवलेली पहिली मोठी पुनर्रचना होती.

टाइमलाइनच्या तळाशी असणाऱ्या जन्मनोंदीला महाराष्ट्रात एक स्थानिक संदर्भ आहे. परभणी जिल्ह्यासह मराठवाड्यात आणि राज्याच्या इतर ग्रामीण भागांत जन्माचा दाखला हाताशी नसल्यास शाळेत नाव घालताना मुलाची जन्मतारीख १ जून अशी लिहिण्याचा प्रघात होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर हीच तारीख येई आणि पुढे सर्व कागदपत्रांवर ती कायम होई. त्यामुळे १ जून रोजी फेसबुकवर वाढदिवसाच्या शुभेच्छांची रीघ लागते आणि हा मराठी समाजमाध्यमांवर दरवर्षी विनोदाचा विषय होतो. दाखल्यातली तारीख ही सोयीची नोंद आहे, हे घरच्यांना ठाऊक असते. प्रोफाइल मात्र तीच तारीख आयुष्याचा आरंभ म्हणून मांडते.

कोणता मजकूर कोणाला दिसावा, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, हे महाराष्ट्रातील एका घटनेने दाखवून दिले. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईतील व्यवहार बंद राहिले. त्याविषयी फेसबुकवर मत लिहिणारी एक तरुणी आणि त्या मताला पसंती दर्शवणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे अटक करण्यात आली. पुढे हे प्रकरण बंद झाले. या घटनेचा पानाच्या मांडणीशी थेट संबंध नव्हता. परंतु मित्रांसाठी केलेली एक टिचकीसुद्धा अनोळखी लोकांपर्यंत पोहोचू शकते आणि तिची किंमत मोजावी लागू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची तरतूद असून आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क नागरिकाला दिलेला आहे.

प्रोफाइलवरील छायाचित्राचा गैरवापर होण्याच्या भीतीने भारतातील अनेक स्त्रिया स्वतःचे छायाचित्र न लावता फूल, देवता किंवा लहान मूल यांचे चित्र लावत. याची दखल घेऊन जून २०१७ मध्ये फेसबुकने भारतात 'प्रोफाइल पिक्चर गार्ड' ही सोय प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. तिच्यामुळे छायाचित्राभोवती निळी चौकट व ढालीचे चिन्ह येते आणि इतरांना ते उतरवून घेता येत नाही. मे २०२० मध्ये संपूर्ण प्रोफाइलला 'कुलूप' लावण्याची सोय भारतीय सदस्यांसाठी जाहीर झाली. कुलूप लावल्यावर मित्र नसलेल्यांना नोंदी दिसत नाहीत आणि छायाचित्रे मोठी करून पाहता येत नाहीत. या दोन्ही सोयी ऐच्छिक आहेत आणि सदस्याचा पोच वाढवण्याऐवजी तो आवरण्याची मुभा देतात. या दृष्टीने त्या आधीच्या पुनर्रचनांपेक्षा वेगळ्या ठरतात.

विरोधाची कारणमीमांसा

पुनर्रचनेला होणाऱ्या विरोधाची कारणे सामान्यतः तीन प्रकारांत मांडली जातात.

पहिले कारण सवयीचे. रोज वापरातील पानावर कोणती गोष्ट कोठे आहे, हे हाताला पाठ झालेले असते. जागा बदलल्या की साधे कामही नव्याने शिकावे लागते. स्वयंपाकघरातील डबे दुसऱ्या कोणी हलवल्यावर होणाऱ्या चिडचिडीशी ही भावना मिळतीजुळती आहे. असा विरोध तीव्र असला, तरी काही आठवड्यांत ओसरतो. कंपन्या प्रामुख्याने याच प्रकारावर विसंबतात.

दुसरे कारण संदर्भाचे. हेलन निसेनबॉम या अभ्यासिकेने २००४ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, माहिती गुप्त आहे की उघड एवढे पाहणे पुरेसे नसते. ती ज्या संदर्भात दिली गेली, त्या संदर्भाचे संकेत पाळले गेले की नाही हे महत्त्वाचे असते. डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट गुन्हा नसते, पण ती चावडीवर सांगितली जाऊ नये अशी अपेक्षा असते. डेना बॉइड या संशोधिकेने २००६ च्या प्रसंगाचे विश्लेषण करताना असाच दृष्टांत दिला होता. मोठ्या आवाजात संगीत चालू असताना शेजारच्याशी ओरडून बोलावे आणि नेमक्या त्याच क्षणी संगीत थांबून उरलेले वाक्य सर्वांना ऐकू जावे, तशी सदस्यांची अवस्था झाली, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा विरोध सवयीने ओसरत नाही. सदस्य लिहिणे थांबवतात, जपून लिहितात किंवा जुने लेखन पुसून टाकतात.

तिसरे कारण मालकीचे. 'माझे प्रोफाइल', 'माझी भिंत' असे शब्द संकेतस्थळानेच रूढ केले. छायाचित्रे, मजकूर आणि नातीगोती सदस्याची असतात, परंतु ज्या चौकटीत ती मांडली जातात ती चौकट कंपनीची असते. एरवी ही गोष्ट जाणवत नाही. पुनर्रचनेच्या दिवशी ती एकदम दृष्टीस पडते. भाडेकरूला घर आपलेच वाटू लागावे आणि एके दिवशी घरमालकाने न विचारता भिंत पाडावी, तसा हा अनुभव असतो.

इतर संकेतस्थळांवरील घटना

पुनर्रचनेला विरोध झाला तरी संकेतस्थळ टिकते, हा फेसबुकचा अनुभव सर्वांना लागू पडला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये डिग या बातम्यांच्या संकेतस्थळाने आपली चौथी आवृत्ती आणली. बातम्यांची निवड करण्यातील सामान्य सदस्यांचा अधिकार त्यात कमी झाला. नाराज सदस्यांनी रेडिट या स्पर्धक संकेतस्थळाची वाट धरली. डिगला ही गळती रोखता आली नाही आणि २०१२ मध्ये त्याची विक्री झाली.

स्नॅपचॅटने २०१७ च्या अखेरीस आणि २०१८ च्या प्रारंभी आपल्या मांडणीत मोठा फेरबदल केला. जुनी मांडणी परत आणण्याची मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर बारा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. कंपनीने नंतर त्या मांडणीत काही बदल केले.

डिगच्या सदस्यांना जाण्यासाठी दुसरी जागा होती आणि तेथे त्यांना ओळखीच्या माणसांची आवश्यकता नव्हती. फेसबुकचे तसे नव्हते. एकट्याने फेसबुक सोडले, तर नातेवाईक, वर्गमित्र आणि जुन्या आठवणी मागेच राहत. त्यामुळे नाराज असलेला सदस्यही तेथेच राहिला.

परिणाम

फेसबुकच्या चारही मोठ्या पुनर्रचनांपैकी एकही पूर्णपणे मागे घेण्यात आली नाही. तरीही विरोध निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही. २००६ मधील तीन दिवसांच्या गदारोळातून बातम्यांवरील नियंत्रणे आली. टाइमलाइनबरोबर जुने लेखन मर्यादित करण्याचा पर्याय द्यावा लागला. २००९ च्या बदलाविरुद्धच्या तक्रारींतून संमतीची कायदेशीर अट निर्माण झाली. प्रत्येक नोंदीचा वाचकवर्ग लिहितानाच ठरवण्याची आज सर्वमान्य झालेली पद्धतही याच संघर्षाच्या काळात रूढ झाली.

या सर्व दुरुस्त्यांमध्ये एक समान सूत्र आढळते. जुने रूप परत मागणाऱ्यांना ते मिळाले नाही. 'कोणाला दिसावे हे मला ठरवू द्या' ही मागणी मात्र कमीअधिक प्रमाणात मान्य झाली.